‘मूळ पात्र’ की ‘स्वतंत्र पात्र’? आणि सुऱ्या शोधून का सापडत नाही

विचारणा दादरच्या एका चित्रगटाची आहे. गटातली मंडळी स्वतः कल्पिलेली पात्रं रंगवतात आणि आता त्या चित्रांचा सामायिक ऑनलाइन संग्रह करताहेत. प्रश्न तीन आहेत. ‘ओरिजिनल कॅरेक्टर’ला ‘मूळ पात्र’ म्हणावं का? त्याच्या ‘ओसी’ या लघुरूपाला ‘माझा ओसी’ म्हणायचं की ‘माझी ओसी’? आणि पात्राचं नाव टॅगमध्ये लिहायचं कसं? नमुन्याला दोन नावं दिली आहेत: गिरणीच्या चिमणीतून उतरलेली लालबागची ‘काजळी’ आणि वरळी कोळीवाड्यातला ‘सुऱ्या’.

‘मूळ पात्र’ नको. मराठीत ‘मूळ’ म्हटलं की त्याच्यापासून निघालेलं दुसरं काहीतरी समोर असतं. मूळ कादंबरी म्हणजे जिच्यावरून मालिका निघाली ती. मूळ लेखक म्हणजे ज्याच्या पुस्तकाचं भाषांतर झालं तो. त्यामुळे चित्राखाली ‘मूळ पात्र’ वाचलं की वाचणारा समजतो, हे पात्र मूळ कथेतलंच आहे. म्हणजे सांगायचं होतं त्याच्या बरोबर उलट. हवा तो शब्द रंगभूमीवर शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. नाटक एकतर भाषांतरित, नाहीतर रूपांतरित, नाहीतर स्वतंत्र. देवलांच्या सात नाटकांपैकी १८९९चं ‘संगीत शारदा’ तेवढं स्वतंत्र, असं म्हणतात ते याच अर्थाने. तेव्हा ‘स्वतंत्र पात्र’.

‘स्वनिर्मित पात्र’ही सुचवलं जातं. अडचण त्यातल्या ‘स्व’ची आहे. काजळी एकीची आणि तिचं चित्र काढलं दुसऱ्याने, तर ‘स्व’ कुणाचा? ‘व्यक्तिरेखा’ हा शब्द समीक्षेत शोभतो, पण तो पात्र कसं रंगवलंय त्याबद्दल बोलतो. टॅगला पात्र कोण एवढंच सांगायचं असतं.

पण ‘ओरिजिनल’ हा शब्दसुद्धा सगळ्या संग्रहांत एकाच अर्थाने येत नाही, आणि निम्मा घोळ तिथून सुरू होतो. डॅनबोरू या टॅगांनी शोधायच्या ऑनलाइन चित्रसंग्रहाच्या पद्धतीच्या संग्रहांत टॅगचे गट असतात: चित्रकार, मूळ कलाकृती, पात्र, सर्वसाधारण वर्णन वगैरे. तिथे ‘ओरिजिनल’ हा टॅग पात्रांच्या गटात नाही, मूळ कलाकृतीच्या जागी बसतो. ‘हे चित्र कुठल्याच आधीच्या कथेवर बेतलेलं नाही’ एवढंच तो सांगतो. उलट आर्काइव्ह ऑफ अवर ओन या चाहत्यांच्या कथांच्या संग्रहावर ‘ओरिजिनल कॅरेक्टर’ हा टॅग दुसऱ्याच्या कथाविश्वात तुम्ही घुसवलेल्या नव्या पात्रालाही लागतो. पुरुष पात्र, स्त्री पात्र असे वेगळे टॅगही आहेत. म्हणून तुमच्या संग्रहात दोन टॅग ठेवा. काजळी, तिचं लालबाग, तिची गिरणी सगळंच तुमचं असेल तर ‘स्वतंत्र कलाकृती’. सुऱ्याला कुणा जपानी मालिकेच्या जगात नेऊन सोडलं असेल तर त्याला ‘स्वतंत्र पात्र’ आणि सोबत त्या मालिकेचं नाव. ‘स्वतंत्र कलाकृती’ मात्र नाही.

पिक्सिव्ह या जपानी चित्रांच्या संकेतस्थळावर यासाठी एक गोड शब्द आहे, ‘उची नो को’, म्हणजे ‘आमच्या घरचं पोर’. दुसऱ्याचं पात्र काढलं तर ‘योसो नो को’, परक्या घरचं. पात्र कुणाचं आणि चित्र कुणाचं हा प्रश्न दोन टॅगांत मिटतो. मराठीत ‘मालक’ लिहिलं की रिक्षाच्या परमिटाची आठवण येते. त्यापेक्षा सरळ दोन ओळी द्या: ‘पात्र अमकीचं’, ‘चित्र तमक्याचं’.

दुसरा प्रश्न सोपा. ‘ओसी’चं लिंग पात्राप्रमाणे फिरतं: माझी ओसी काजळी, माझा ओसी सुऱ्या, आणि लिंग सांगायचं नसेल तर ‘पात्र’ मनात धरून ‘माझं ओसी’. अनेकवचन ‘ओसी’च, प्रत्यय लागताना ‘ओसींना’. ‘ओसीज’ बोलताना चालून जातं, लिहू नये. फक्त मुंबईत नुसता ‘ओसी’ हा टॅग लावू नका. इथे ओसी म्हणजे इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, आणि ‘आमची ओसी अजून आली नाही’ हे वाक्य चित्रकारापेक्षा फ्लॅट घेतलेला माणूस जास्त वेळा म्हणतो.

आता नाव. टॅग हे नाम आहे आणि ते प्रथमेतच राहिलं पाहिजे. ‘#काजळी’ आणि ‘#काजळीचं’ हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे टॅग. पण मराठी वाक्यात नाव आलं की त्याला प्रत्यय चिकटणारच. यावर तोड लग्नपत्रिकेत आहे: ‘चि. सौ. कां. सायली हिचा शुभविवाह’. नाव कोरं ठेवायचं आणि विभक्तीचं ओझं सर्वनामावर टाकायचं. तसंच ‘#काजळी हिचं नवं चित्र’, ‘#सुऱ्या याच्या होडीचा आराखडा’. एरवी ही रचना जडच वाटते, पण टॅगसाठी तिच्यासारखी सोय नाही. पात्राचं नाव ‘मोगरा’ असेल तर ‘मोगराचं’ की ‘मोगऱ्याचं’ हा वादही त्यात टळतो.

सगळ्यात जास्त घोटाळा सुऱ्याच्या नावात आहे. नेहमीचा रफार दिला तर तो ‘सुर्या’ होतो, सूर्याचा चुकून ऱ्हस्व झालेला भाऊ. हवा तो अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, तो टंकायचे तीन मार्ग आहेत. एक, ऱ हे अक्षर (युनिकोड या संगणकीय अक्षरयादीतला क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त, य. तीन, साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग य. तिन्ही पडद्यावर सहसा सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या दृष्टीने एकच आहेत. संग्रहाचं सॉफ्टवेअर मजकुराचं प्रमाणीकरण करत असेल, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणत असेल, तर ते आपोआप जुळतात. तिसरा त्या प्रमाणीकरणानेही जुळत नाही. म्हणून एकाच सुऱ्याची बारा चित्रं असली तरी शोधल्यावर सातच सापडतात, आणि नाव तर डोळ्यांना अचूकच दिसत असतं. ‘ॲ’चंही तेच. २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं एकसंध अक्षर (०९७२) आणि अ वर चंद्र देऊन बनवलेला जोड ही यंत्राला दोन अक्षरं, आणि प्रमाणीकरणाने ती एक होत नाहीत. ‘ॲना’ नावाचं पात्र असेल तर आधीच सावध राहा.

यावर उपाय असा: प्रत्येक पात्राचं एक पान करा, त्यावर प्रमाण टॅग पहिल्या पद्धतीने एकदाच टंकून ठेवा आणि सगळ्यांनी तो तिथून चिकटवावा. कळफलकावरून पुन्हा कुणी टंकू नये. बाकीची रूपं, ‘सुर्या’ हे चुकीचं रूपसुद्धा, पर्यायी टॅग म्हणून प्रमाण टॅगला जोडा. आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर हेच काम स्वयंसेवक हाताने करतात.

हॅशटॅगची चाचणी वेगळी. काही सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, आणि मग ‘#काजळी’वर टिचकी मारली की फक्त ‘#क’ उघडतो. नवीन ठिकाणी चित्र टाकताना एकदा टिचकी मारून पाहावी. तुटत असेल तर तिथे रोमन रूप वापरावं.

रोमनमध्ये ळ चा ल होतो, काजळीची ‘काजली’ होते, त्याला इलाज नाही. पण ज्ञ साठी मराठी डी-एन-वाय आणि हिंदी जी-वाय यांतलं एक आधीच ठरवा, नाहीतर ‘ज्ञानदा’चे दोन टॅग होतील.

‘काजळी’ हे सामान्यनामही आहे. दिव्याची काजळी काढलेलं चित्र त्याच टॅगखाली येईल. म्हणून कंसात ओळख द्या: ‘काजळी (लालबाग)’. डॅनबोरूवर अशा वेळी कंसात मूळ कलाकृतीचं किंवा चित्रकाराचं नाव येतं. तेही चालेल, फक्त सगळीकडे एकच पद्धत हवी. तिथे टॅग मोकळ्या जागेने वेगळे होतात, म्हणून नावातली जागा अंडरस्कोअरने भरावी लागते. जिथे स्वल्पविरामाने वेगळे होतात तिथे जागा तशीच ठेवता येते, पण नावात स्वल्पविराम घालू नये, त्याचे दोन तुकडे पडतात.

आडनाव असेल तर क्रम ठरवा. जपानी नावं डॅनबोरूवर आडनाव आधी अशी लिहितात, आणि आपल्या शाळेच्या हजेरीपटावरही ‘कदम सायली प्रकाश’ असंच असतं. तरी संग्रहात ‘सायली कदम’च ठेवा, शोधणारा पात्राला नावाने ओळखतो, हजेरीने नाही. वडिलांचं नाव मधे घालायची गरज फक्त दोन सायली कदम झाल्या तरच.