भूल देताना हात पेटल्यासारखा झाला होता, पुढच्या ऑपरेशनला हे टाळता येईल का?

हो, बहुतेक वेळा टाळता येतं. त्यासाठी लागणारं औषध प्रत्येक ओटीच्या (ऑपरेशनच्या खोलीतल्या) ट्रॉलीवर पडलेलंच असतं. फक्त ते द्यायचं कुणाला तरी आठवायला हवं, आणि त्याची आठवण करून द्यायचं काम पेशंटनेही करायला हरकत नाही.

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी ठाण्यात हर्नियाच्या ऑपरेशनला पांढरं औषध सुईतून आत जाताना कोपरापर्यंत आग झाली, ओरडणार तेवढ्यात झोप लागली. आता वाशीला पित्ताशय काढायचंय आणि तीन शंका आहेत: ती ॲलर्जी होती का, सुई चुकीची लागली होती का, आणि या वेळी ते औषध नकोच म्हणावं का. मी भूलतज्ज्ञ आहे. सकाळी नौपाड्यातलं एखादं नर्सिंग होम, दुपारी ऐरोलीच्या पुलापलीकडे, असं फिरतीचं काम करते. तुमच्यासारखी तक्रार मी नेहमी ऐकते.

ते दुधासारखं औषध म्हणजे बहुधा प्रोपोफॉल. आज पूर्ण भूल सुरू करायला जगभर सगळ्यात जास्त तेच वापरतात. रेणू फिनॉल या रसायनाच्या घराण्यातला, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन नावाच्या पशुवैद्यकाने त्यावर काम केलं. १९७७ च्या सुमारास माणसांवर पहिल्या चाचण्या झाल्या, तेव्हा ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात मिसळलेलं होतं. ते टोचताना दुखायचं, आणि काहींना गंभीर ॲलर्जीसारखी रिॲक्शन यायची. म्हणून ते रूप मागे घेतलं आणि सोयाबीन तेल, अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि ग्लिसरॉल यांचं पांढरं मिश्रण करून १९८६ मध्ये औषध बाजारात आलं. ग्लेन यांना त्यासाठी २०१८ चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. रिॲक्शनचा प्रश्न बराचसा सुटला, आग मात्र पूर्ण गेली नाही. आधी काहीच उपाय केला नाही, तर १० पैकी साधारण ६ जणांना टोचताना दुखतं. म्हणजे तुमच्या बाबतीत जगावेगळं काही घडलेलं नाही.

आग का होते? बरंचसं औषध तेलाच्या थेंबांत अडकलेलं असतं, पण थोडं बाहेर पाण्याच्या भागात मोकळं असतं, आणि तेच शिरेच्या आतल्या अस्तराला आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना झोंबतं. ही पहिली, लगेचची कळ. दुसरी १०-२० सेकंदांनी येते. शिरेत ब्रॅडिकायनिनसारखी वेदना वाढवणारी द्रव्यं तयार होतात त्याची ती. हाताच्या पाठीवरची शीर बारीक, तिथे रक्ताचा प्रवाह मंद. औषध भिंतीला घासतच पुढे सरकतं. कोपराच्या खळगीतल्या जाड शिरेत तेच औषध रक्तात पटकन पातळ होतं, भिंतीला लागतंच कमी.

यातून तुमच्या दोन शंका सुटतात. नुसती आग म्हणजे ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत अंगावर चट्टे, श्वासात घरघर, बीपी कोसळणं असं काहीतरी दिसतं, आणि तसं झालं असतं तर ऑपरेशननंतर तुम्हाला कुणीतरी सांगितलं असतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही प्रोपोफॉल बहुतेक वेळा चालतं, कारण ती ॲलर्जी मुख्यतः पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते. तरी डॉक्टरांना सांगून ठेवावं. सुई चुकली असती तर त्या जागी सूज आली असती. शिरेबाहेर औषध गेलं की हात फुगतो, आणि झोपही नीट लागत नाही. तुम्हाला झोप लागली, अर्थात औषध शिरेतच गेलं. नंतर शीर लाल, दोरीसारखी कडक झाली होती का, एवढं मात्र आठवून पाहा. झाली असेल तर ते वेगळं सांगण्यासारखं आहे.

आता उपाय. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १७७ चाचण्यांचा आणि २५ हजारांहून अधिक पेशंटांचा एकत्र आढावा आला होता. त्यात दोन गोष्टी सगळ्यांत सरस ठरल्या: सुई कोपराच्या खळगीतल्या शिरेत लावणं, किंवा पंजावरच्या शिरेत लावायची असेल तर वर रबरी पट्टा बांधून आधी लिग्नोकेन देणं. लिग्नोकेन म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला वापरतात तेच, फक्त शिरेतून द्यायचं आणि ॲड्रिनलिन नसलेलं. पट्टा बांधल्यामुळे ते अर्धा ते दोन मिनिटं हातातच अडकून राहतं आणि शीर आतून बधिर होते. मग पट्टा सोडायचा आणि प्रोपोफॉल द्यायचं. मात्रा किलोमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम; २ टक्क्यांच्या बाटलीतून दीड मिली. इतकं थोडं.

मग सगळे हे करत का नाहीत? खरं सांगायचं तर घाई. दिवसाच्या ऑपरेशनांची लिस्ट मोठी असते, सर्जन हात धुऊन उभे असतात, आणि मिनिटभर पट्टा बांधून थांबणं म्हणजे उगाच वेळ घालवणं वाटतं. शिवाय ‘झोपल्यावर कुणाला आठवतंय’ हा जुना समज. बऱ्याच जणांना आठवत नाही हे खरं, पण तुम्हाला दोन वर्षांनी आठवतंय ना! ‘थोडं जळेल हं’ असं सांगून औषध ढकलणं मला पटत नाही. हातात उपाय असताना पेशंटने सहन का करायचं?

काही भूलतज्ज्ञ लिग्नोकेन प्रोपोफॉलच्याच सिरिंजमध्ये मिसळतात. तेही चालतं, फक्त द्यायच्या अगदी आधी मिसळायला हवं. मिश्रण तसंच ठेवलं तर तेलाचे थेंब एकमेकांना चिकटायला लागतात. फेंटॅनिलसारखं वेदनाशामक आधी दिलं तरी आग कमी होते, आणि तुमच्या ऑपरेशनला ते बहुधा द्यायचंच असतं. प्रोपोफॉलचा आणखी एक प्रकार मिळतो, मध्यम साखळीच्या मेदाचा, त्यात मोकळं औषध कमी असल्याने तो कमी झोंबतो. तुमच्या हॉस्पिटलमध्ये तो असेल तर उत्तमच, त्यासाठी हॉस्पिटल बदलायची गरज नाही.

कोपराच्या खळगीचा हट्ट मात्र धरू नका. हात वाकला की तिथली सलाईन अडते. दुर्बिणीच्या ऑपरेशनला हात कधी अंगालगत चादरीत गुंडाळलेले असतात, तिथे औषध बाहेर झिरपलं तर उशिरा कळतं. मी स्वतः मनगटाच्या वर, हाताच्या मधल्या भागातली शीर शोधते आणि लिग्नोकेन देतेच. वॉर्डमधल्या सिस्टरनी सकाळी पंजावर बारीक सुई लावून ठेवली असेल तर तीच वापरली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून सुई लावायच्या वेळीच बोला. ओटीतल्या एसीत हात गार पडतात, शिरा आक्रसतात; पांघरूण मागायला लाजू नका. उपाशीपणाचंही तसंच. साधं पाणी बहुतेकांना भुलेच्या दोन तासांआधीपर्यंत चालतं, आणि पाणी प्यायलेल्या माणसाची शीर सापडायला सोपी जाते. पण ही वेळ तुमच्या भूलतज्ज्ञाने ठरवायची, व्हॉट्सॲपवरच्या काकांनी नाही.

तिसरी शंका, औषधच बदला म्हणावं का? मी म्हणेन, नको. भूल सुरू करायची दुसरी औषधं आहेत. त्यातलं थायोपेंटोन शिरेत फारसं जळत नाही, पण गुंगी जास्त रेंगाळते आणि शिरेबाहेर गेलं तर कातडीला इजा करतं. एटोमिडेट तर टोचताना स्वतःच दुखतं. प्रोपोफॉलने माणूस लख्ख जागा होतो आणि उलट्याही कमी होतात. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर उलट्या हा नेहमीचाच त्रास, त्यामुळे तुम्हाला त्याचा फायदाच आहे.

भूलपूर्व तपासणीला जाल तेव्हा साधं सांगा: ‘मागच्या वेळी भूल देताना हात फार जळाला होता, आधी लिग्नोकेन द्याल का?’ वाक्य एवढंच. सोबत हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास असेल, फिट्स येत असतील किंवा दाताच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला असेल तर तेही सांगा, कारण मग लिग्नोकेनचा वेगळा विचार करावा लागतो. तपासणी करणारे आणि प्रत्यक्ष भूल देणारे डॉक्टर वेगळे असू शकतात, आपल्याकडे तर हमखास. म्हणून ते फाइलवर लिहून घ्या आणि टेबलावर गेल्यावर पुन्हा बोला.

जमलं तर ठाण्याच्या हॉस्पिटलमधून जुन्या ऑपरेशनचा भुलेचा चार्टही मागवा. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं आणि ते किमान तीन वर्षं जपायचं, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे, म्हणजे तुमचं अजून मिळायला हवं. डिस्चार्ज कार्डावर भुलेबद्दल एखादी ओळ असते. चार्टवर औषधाचं नाव, मात्रा, आणि नीट भरला असेल तर सुई कुठे होती हेही सापडतं. त्याची झेरॉक्स वाशीच्या फाइलला लावून टाका.