तीस तारखेचा अर्धा तीन

डिसेंबरच्या अंकात मी घरी केलेल्या निक्सी घड्याळाबद्दल लिहिलं होतं. सहा जुन्या रशियन आयएन-१२ ट्यूब, प्रत्येकीमागे कुठला अंक पेटवायचा ते ठरवणारी के१५५आयडी१ ही आयसी, दर दोन ट्यूबमागे आठ बिट धरून ठेवणारी एक ७४एचसी५९५, वर प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड आणि वेळ सांभाळायला डीएस३२३१. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी : निक्सी म्हणजे काचेत कोंडलेला निऑन आणि त्यात एकामागे एक उभे केलेले शून्य ते नऊ असे पत्र्याचे दहा अंक. ज्या अंकाला वीज मिळते त्याच्या भोवती नारिंगी उजेड धरतो. अमेरिकेत बरोज कंपनीने १९५५ साली ही ट्यूब बाजारात आणली. चिंचवडच्या एका कारखान्यात कॅलिब्रेशनच्या खोलीत मी नोकरीला लागले तेव्हा तिथल्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर हेच अंक होते, म्हणून माझा जीव त्यांच्यात अडकलेला. त्या लेखानंतर बरीच पत्रं आली. चार घेते.

ताई, माझ्या ट्यूबमधला पाच विचित्र दिसतो. नकली माल आला का? (सोलापूर)

नाही हो. आयएन-१२ मधला पाच म्हणजे उलटा लावलेला दोन आहे. माझ्या सहाही ट्यूबमध्ये तसाच आहे. एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसत नाही, हे मात्र खरं.

काकू, घरात २३० व्होल्ट असताना आधी १२ व्होल्ट करायचे आणि ट्यूब पेटवायला तेच परत १८० पर्यंत चढवायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डायोडचा ब्रिज लावून थेट घेतले तर? (कोल्हापूर)

बाळा, नको. गणित आधी बघ. २३० ला ब्रिज आणि कपॅसिटर लावलास की हातात येतात साधारण ३२५ व्होल्ट. तो आकडा मोठा रेझिस्टर घालून सांभाळता येईलही. सांभाळता येत नाही ते हे, की तुझ्या सर्किटचा निगेटिव्ह आता घरच्या लाइनला जोडला गेला. प्रोग्रॅम बदलायला आर्डुइनोला यूएसबीची वायर लावलीस की ती लाइन लॅपटॉपच्या अंगावर, आणि लॅपटॉपला तुझा हात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधला ट्रान्सफॉर्मर तुला त्या लाइनपासून वेगळं ठेवतो. त्याचेच पैसे आपण देतो.

१८० व्होल्टही गुदगुल्या करत नाहीत. म्हणून ट्यूब, आयसी सगळं डब्यात ठेवून आधी फक्त व्होल्टेज चढवणारा भाग झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या साध्या पाटीवर, कर : हे काम हाकणारी एमसी३४०६३ आयसी, १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, स्विचचं काम करणारा आयआरएफ७४० मॉस्फेट, डायोड आणि शेवटी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कपॅसिटर २५० व्होल्टच्या वरचाच घे. त्याच्या दोन पायांत ४७० के (किलोओहम) चा रेझिस्टर डाग देऊन टाक, म्हणजे वीज बंद केल्यावर दहाबारा सेकंदांत तो रिकामा होईल. तरी मीटर लावून बघितल्याशिवाय बोट लावायचं नाही, आणि चालू सर्किटवर काम करताना डावा हात खिशात. आमच्या फोरमनने मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. साडीला खिसा नसतो म्हटल्यावर ते म्हणाले, मग पाठीमागे धरा.

डायोडबद्दल माझी फजिती सांगते. घरात ४००७ चा पुडा पडलेला होता, हजार व्होल्टचा डायोड, म्हटलं चालेल. व्होल्टेज १३० च्या वर जाईना. तीन संध्याकाळी मी कॉइली बदलत बसले. चौथ्या दिवशी डायोडला चुकून बोट लागलं आणि चटका बसला तेव्हा डोक्यात उजेड पडला. ४००७ हा ५० हर्ट्झचा गडी, आणि इथे मॉस्फेट सेकंदाला पन्नास हजार वेळा चालूबंद होतोय. त्याला दार लावून घ्यायलाच वेळ मिळत नाही, चढवलेली वीज मागच्या मागे गळते. यूएफ४००७ लावला, अंगाबांध्याने तसाच पण चपळ, आणि काटा सरळ १८० वर. पुण्यात बुधवार पेठेत मागताना 'यूएफ' हे दोनदा सांग, नाहीतर साधाच हातात ठेवतात.

मग एकच ट्यूब जोड. पेटल्यावर तिच्यात साधारण १४० व्होल्ट राहतात, उरले ४०. अडीच मिलीअँपियरच्या आत राहायचं तर १८ के चा रेझिस्टर पुरे. सहा ट्यूबना सहा रेझिस्टर, एकात भागवू नकोस.

माझे घड्याळ दुपारी साडेबाराला ७२:३० दाखवते, सकाळी नऊला ४९:०० आणि दुपारी एकला ६१:००. मिनिटे-सेकंद अगदी बरोबर आहेत. आयसी बदलून पाहिली, फरक नाही. (नाशिक)

हे पत्र वाचून मी एकटीच हसले, कारण तुमचं घड्याळ बरोबर चाललंय, तुम्हाला जास्तीचं सांगतंय इतकंच. डीएस३२३१ वेळ ठेवते ती दशक आणि एकक वेगळे करून, चार-चार बिटांत; बिटांच्या जागांची किंमत आठ, चार, दोन, एक. म्हणून तर ही जोडी मला आवडते : तिच्याकडून आलेला बाइट जसाच्या तसा ५९५ मध्ये ढकलला की दोन ट्यूब तयार, भागाकार नाही की काही नाही. पण तासाचा दशक कधीच दोनच्या वर जात नसल्यामुळे तिथल्या रिकाम्या बिटांत दुसरी माहिती ठेवलेली असते. चारच्या जागेवरचा बिट म्हणतो, 'मी १२ तासांच्या पद्धतीत आहे.' त्या पद्धतीत दोनच्या जागेवरचा बिट म्हणतो, 'दुपारनंतरची वेळ.' आता मांडा. दुपारचे १२ : दशकाचा एक, अधिक चार, अधिक दोन, झाले सात. सकाळचे ९ : शून्य अधिक चार. दुपारचा १ : चार अधिक दोन, सहा. तुमचे तिन्ही आकडे जुळले.

तासाच्या बाइटला ३१ ने 'अँड' करा, म्हणजे खालचे पाच बिटच उरतील. २४ तासांची पद्धत हवी असेल तर तो बिट शून्य करून तास नव्याने लिहा आणि ६३ ने 'अँड' करा. काढलेली आयसी परत बसवा, ती निर्दोष आहे. आणि तुमचं ते निळं तयार मॉड्यूल असेल तर त्यात साधा सीआर२०३२ सेल घालण्यापूर्वी चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड काढून टाका. चार्ज न होणाऱ्या सेलला ते मॉड्यूल चार्ज करत बसतं.

ताई, दर मिनिटाला पाच सेकंद तारीख दिसेल असे केले आहे. घड्याळ दोन वर्षे छान चालले. आता ३० आणि ३१ तारखेला पहिल्या ट्यूबमधला तीन अर्धाच उजळतो. बाकी महिनाभर काही तक्रार नाही. (सांगली)

निदान तुम्हीच केलंत, तुम्हाला माहीत नाही एवढंच. ती पहिली ट्यूब तासाचा दशक दाखवते. शून्य दहा तास, एक दहा तास, दोन चार तास. तीनची पाळी फक्त ३० आणि ३१ ला, म्हणजे वर्षाचे १८ दिवस, आणि मिनिटाला पाच सेकंद धरले तर दिवसाला दोन तास. सगळं वर्ष मिळून ३६ तास! उरलेला वेळ शेजारचे अंक जळताहेत, त्यांच्या पत्र्यावर निऑनचे आयन आपटून धातूचे कण उडताहेत आणि ते या बिचाऱ्या बसून राहिलेल्या तीनवर जाऊन बसताहेत. पुटं चढलेल्या भागावर उजेड धरत नाही. चार ते नऊ तर त्या ट्यूबमध्ये पेटलेच नाहीत. त्यांची अवस्था तीनपेक्षा बरी नसणार.

ट्यूब मेलेली नाही. आयएन-१२ सॉकेटमध्ये बसते हे नशीब. वीज बंद करून तिची सेकंदाच्या एककाबरोबर अदलाबदल करा. तिथे दहाही अंकांना सारखी पाळी मिळते. तेवढ्याने तीन सावरला नाही, तर त्या ट्यूबचा १८ के काढून तात्पुरता १२ के लावा, करंट ३.३ मिलीअँपियरच्या आसपास जाईल, आणि नुसता तीन दोनतीन दिवस पेटता ठेवा. रात्री दिवा घालवून बघत जा. उजेड आधी काठावर येतो, मग पुढे सरकतो. सावरला की १८ के परत लावा, विसरू नका.

पुन्हा असं होऊ नये म्हणून प्रोग्रॅममध्ये पहाटे तीन ते तीन-दहा सगळ्या ट्यूबवर सगळे अंक फिरवा. माझ्या घड्याळात तेच आहे, शिवाय वर्षातून दोनदा मी पहिली आणि शेवटची ट्यूब बदलते. कुठली कुठे गेली कळायला ट्यूबच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका.

तीन पुरता बरा झाला का, हे ३० तारखेलाच कळेल, आणि हा अंक फेब्रुवारीचा. मार्चअखेर कळवा.