यवतमाळकडच्या खेड्यातला 12 वर्षांचा मुलगा भारताच्या 17 वर्षांखालील फुटबॉल संघापर्यंत पोहोचू शकतो का?

हो, पोहोचू शकतो, पण पुढच्या एक-दोन वर्षांत त्याला गावाबाहेर चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली द्यावं लागेल. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, पोरांना सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्यांना दरवर्षी नेतो. आपल्या पोरांचा दम आणि वेग कुठंच कमी पडत नाही. कमी पडतो तो पहिला स्पर्श, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच झटक्यात ताब्यात घेणं. काळ्या मातीच्या पटांगणावर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल, त्यामुळं चेंडू पायाखाली थांबवायची सवयच लागत नाही. ही सवय लहानपणीच लागते, म्हणून घाई करा म्हणतो.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून (राज्य सरकारचं निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्र) 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, तिच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा. शिवाय 17 वर्षांखालील विश्वचषक 2025 पासून दरवर्षी होतो आणि त्यात 24 ऐवजी 48 संघ असतात, म्हणजे आशियाच्या जागाही वाढल्या.

आजच करायची गोष्ट: जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळवून घ्या. या वयोगटात मनगटाचा एमआरआय काढून वय तपासतात. कागदात घोळ असला की गुणी पोरगंही बाहेर बसतं.

एक मात्र खरं, अकादमीत गेलेल्यांपैकीही फार थोडे राष्ट्रीय संघात पोहोचतात. त्यामुळं दहावीचा अभ्यास सोडू देऊ नका.