शिंपल्यांच्या खिडकीला बोट लावलं की…

प्रश्न : ताई, मी नोकरीसाठी रोज फोंड्याहून पणजीला येते. सुटल्यावर बस धरण्याआधी मळा, फोंतेन्हाश, आल्तिनोचा चढ अशी पाय नेतील तिकडे भटकते आणि मोबाइलवर फोटो काढते. थोडं पी-फाइव्ह जेएस, म्हणजे कोड लिहून ब्राउझरमध्ये चित्रं हलवायचं साधन, शिकलेय. फोटोवर बोट फिरवलं की लाटा उठतात, रंग फुटतात, पण दोन मिनिटांत कंटाळा येतो. काय चुकतंय? सोबत काही फोटो पाठवतेय.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : त्या लाटा फोटोतल्या नाहीत, म्हणून कंटाळा येतो. मडगावच्या मार्केटच्या फोटोवरही त्या तशाच उठतील. बोट लावल्यावर काय घडावं, ते फोटोतूनच निघायला हवं.

तुमचा शिंपल्यांच्या खिडकीचा फोटो घ्या. मला तो फार आवडला. काच महाग होती तेव्हा पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवायचे. ऊन आत येतं ते दुधाळ होऊन, आणि पलीकडचं माणूस दिसत नाही. हाच तुमच्या कामाचा नियम धरा. एकाच जागेवरून, मोबाइल स्टँडवर ठेवून, दोन फोटो काढा : खिडकी मिटलेली आणि उघडी. उघडी खाली ठेवा, मिटलेली तिच्यावर, पी-फाइव्हच्या ‘क्रिएटग्राफिक्स’ या आज्ञेने केलेल्या वेगळ्या थरावर. बोट फिरेल तिथे ‘इरेज’ लावून तो थर पुसा, आणि दर फ्रेमला मिटलेला फोटो ‘टिंट’ने अगदी फिका करून त्याच थरावर पुन्हा चढवत राहा. पुसलेली जागा दुधाळ होत होत मिटते. ती किती वेगाने मिटावी, यावर हवा तेवढा वेळ घालवा. भरभर मिटली तर पाहणारा चिडतो, फार रेंगाळली तर शिंपल्याचा गुणच हरवतो.

फोटो आधी लहान करा. ४००० बाय ३००० चा फोटो फाइल म्हणून लहान दिसला, तरी ब्राउझर तो उघडतो तेव्हा दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी मेमरी लागते. असे दहा फोटो एकदम उघडले तर साधा मोबाइल अडखळणारच. १२०० बाय ९०० पुष्कळ झाला.

असे बरेच फोटो झाले की ते एकमेकांना जोडताना नकाशावर टाचण्या टोचू नका. फ्रेंच विचारवंत गी दबोर यांनी १९५७ मध्ये पॅरिसचा छापील नकाशा कापून तुकडे लाल बाणांनी जोडले होते. तुकड्यांमधली खरी अंतरं त्यांनी सोडून दिली आणि भटकणाऱ्याला कुठून कुठे ओढ लागते, तेवढं दाखवलं. तुम्हीही मळ्यातल्या झरीचा ओला दगड दाबला की थेट औरेम खाडीचं पाणी उघडू द्या. ओलीकडून पाण्याकडे जाणं पाहणाऱ्याला आपसूक कळतं.

आणि एका बाबतीत मी हटून बसणार आहे. फोंतेन्हाशमध्ये माणसं राहतात, आणि दारासमोर रोज उभ्या राहणाऱ्या फोटोवाल्यांनी ती कावलेली आहेत. खिडकी उघडी असतानाचा फोटो घरच्यांना विचारूनच काढा, आणि काम झालं की आधी त्यांना दाखवा. नको म्हणाले तर दुसरी खिडकी शोधा. नेटवर चढवण्याआधी फाइलमधलं लोकेशनही पुसून टाका. फोटो लहान केला म्हणून ते जातंच असं नाही.