लहान गावात एवढंच मिळणार, हे मला मान्य नाही

वाचकांचे प्रश्न : खाणं आणि खिलवणं

प्रश्न : ताई, आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागून. गेल्या दिवाळीत इथे एक इटालियन रेस्टॉरंट सुरू झालं. चालवणारा मुलगा गावातलाच, काही वर्षं क्रूझवर किचनमध्ये होता. सगळ्यांनाच अप्रूप होतं. लेक पुण्याहून आली तेव्हा आम्ही सगळे गेलो, सासूबाईंनाही नेलं. टोमॅटोचं सूप छान होतं. पण पेने पास्त्याचा पार लगदा झालेला. सासूबाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, "ह्यात मीठच नाय गो." पिझ्झाचा बेस पाकिटातला. नवीन जागा आहे म्हणून सोडून दिलं. जुलैत भाऊ-वहिनी आले म्हणून पुन्हा गेलो. मेन्यूत ‘आजची ताजी मासळी घालून स्पॅगेटी’ असं लिहिलेलं. आले ते म्हाकुळाचे (स्क्विडचे) चावता चावेनात असे काप, चार बारक्या कोळंब्या आणि वर चीजचा जाड थर. खाली ताटलीत पाणी सुटलेलं. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. काउंटरवर बोलले तर उत्तर मिळालं, "काकू, इथे मुंबईसारखं कसं मिळणार?" घरी आल्यावर आमचे हे मलाच म्हणाले, गावच्या पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस. त्याचे काका आमच्या शेजारच्या वाडीत राहतात. लेक म्हणते, गुगलवर एक स्टार देऊन मोकळी हो. मी काय करू? की माझी अपेक्षाच जास्त आहे? (कृपया गावाचं नाव छापू नये.)

उत्तर : तुमची अपेक्षा अगदी रास्त आहे. काउंटरवरचं ते वाक्य वाचून मलाही वाईट वाटलं. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत माझी उमेदीची वर्षं गेली, पुढे मुलांना हेच काम शिकवलं, आता रत्नागिरीत राहते. ‘इथे मुंबईसारखं कसं मिळणार’ हे मी किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत ऐकलं आहे. काही गोष्टींना ते लागू पडतं. इटलीहून आलेलं चीज नाही, उंची ऑलिव्ह तेल नाही, लाकडावरची भट्टी नाही, याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण पास्ता अळणी आणि लगदा होण्याचा मुंबईशी काय संबंध? पाणी गावचं, मीठ गावचं, घड्याळ भिंतीवरचं.

शंभर ग्रॅम सुक्या पास्त्याला एक लिटर खळखळतं पाणी आणि त्यात सुमारे १० ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे. पास्त्यात मीठ मुरतं ते उकळताना, नंतर सॉसमध्ये कितीही घातलं तरी ते वरवर राहतं. सासूबाईंना पहिल्या घासाला कळलं ते हेच. पाकिटावर जी मिनिटं लिहिलेली असतात त्याच्या एक मिनिट आधी पास्ता काढायचा, उरलेलं शिजणं सॉसच्या तव्यात होऊ द्यायचं आणि त्यात उकळलेल्या पाण्यातलं एक पळीभर घालायचं. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो, त्यानेच सॉस धरून राहतो. तुमच्या ताटलीत खाली पाणी साचलं होतं ना? हे झालं नव्हतं म्हणून, आणि बहुधा गोठवलेली मासळी तशीच सॉसमध्ये टाकली म्हणूनही.

आता लगदा का झाला ते सांगते, कारण इथे त्या मुलाची अडचणही खरी आहे. गिऱ्हाईक तुरळक, आणि व्यवसायासाठीचा १९ किलोचा सिलिंडर. संध्याकाळभर मोठं भांडं उकळत ठेवणं परवडत नाही. मग सकाळीच सगळा पास्ता पूर्ण शिजवतात, तेल चोळून फ्रिजमध्ये ठेवतात, ऑर्डर आली की सॉसमध्ये दणदणीत गरम करतात. दोनदा शिजल्यावर त्याचं दुसरं काय होणार? यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. सकाळी शिजवायचाच असेल तर अर्ध्या वेळेत काढायचा, ताटात पसरून लगेच गार करायचा, मग ऑर्डरला दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून सॉसमध्ये संपवायचा. नाहीतर सरळ सांगायचं, "काकू, पंधरा मिनिटं लागतील." गावात पंधरा मिनिटं थांबायला कोणाची ना नसते. पुढच्या वेळी पेनेची एक नळी काट्याने कापून बघा. नीट शिजलेली असेल तर कापलेली कड स्वच्छ दिसते आणि आत मधोमध किंचित फिकट रेघ असते. कड फाटलेली, फुगलेली आणि सगळीकडे एकच रंग असेल तर तो पास्ता जास्त, बहुधा दोनदा, शिजलेला आहे.

पाकिटाचाही प्रश्न असतो. इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच करायचा असा कायदा आहे. ड्युरम म्हणजे आपल्या ओळखीचा बन्सी गहू. मैदा मिसळलेला स्वस्त पास्ता लवकर गळतो. भारतात बनलेला निव्वळ ड्युरमचा पास्ता तालुक्याच्या दुकानात सहज मिळतो, त्यासाठी परदेशी ब्रँड लागत नाही.

पिझ्झाचं थोडक्यात. नेपल्समध्ये तो सुमारे ४३० अंश किंवा त्याहून तापलेल्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजतात. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेचा २०१७ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत समावेश केला. गावातल्या विजेच्या ओव्हनला ते जमणार नाही, मान्य. पण त्या पिठात असतं काय? पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. आदल्या रात्री मळून ठेवलेल्या पिठाचा बेस साध्या ओव्हनमध्ये तापलेल्या लोखंडी पत्र्यावर भाजला, तरी पाकिटातल्यापेक्षा चांगला होतो.

मला खरा राग आला तो मासळीचा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बंदरात बोटी शाकारलेल्या असतात, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्या दिवसांत मेन्यूवर ‘आजची ताजी मासळी’ लिहून गोठवलेली द्यायची, ही फसवणूक आहे. गोठवलेली मासळी वापरण्यात काही गैर नाही. नीट गोठवलेली, नीट सोडवलेली कोळंबी बर्फात चार दिवस पडलेल्या कोळंबीपेक्षा केव्हाही चांगली. फक्त तसं लिहावं. आणि म्हाकूळ वातड झालं ते गोठवल्यामुळे नाही. त्याचे पातळ काप मोठ्या आचेवर एक-दोन मिनिटांत होतात, किंवा मग मंद आचेवर पाऊणएक तास शिजवावे लागतात. मधल्या वेळेत ते कडक होतात. क्रूझच्या किचनमध्ये हे पहिल्या महिन्यात शिकवतात, तेव्हा त्याला येत नाही असं मी मानणार नाही. वर चीज कशाला घातलं हेही त्याला विचारा. इटलीच्या किनाऱ्यावर मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, कारण मासळीची चव त्याखाली दबते. नारळी पौर्णिमेनंतर हर्णैला, मिरकरवाड्याला मासळीच्या राशी पडतात. त्या पोराच्या दारात जे उतरतं ते मिळवायला शहरातले शेफ धडपडतात. ते सोडून पाकिटातलं मिश्रण आणि चीज, याचं मला फार वाईट वाटतं.

बिलाचं सांगते. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, तो देणं पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. "हा काढून द्या" एवढं म्हणायचं. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी वेगळा, तो पाच टक्के रीतसर आहे, पण बिलावर जीएसटी क्रमांक असेल तरच. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर हवा.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याकडे येते. त्यांची भावना मला कळते. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे, उद्या देवळात, लग्नात, शिमग्याला तोंडासमोर यायचं असतं. पण ते ज्याला पोटावर पाय देणं म्हणतात ते गप्प राहिल्यानेच जास्त होतं. पर्यटक दिवाळी ते मे, फार तर गणपतीत चाकरमानी. पावसाचे चार महिने हे हॉटेल तुमच्यासारख्यांवरच तगणार. तुम्ही काही बोलला नाहीत आणि पुन्हा गेलाही नाहीत, शेजारणीनेही तेच केलं, तर एक दिवस शटर खाली येईल आणि नेमकं काय बिघडलं हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. ‘इथल्या लोकांना इटालियन कळत नाही’ असं म्हणत तो परत बोटीवर जाईल.

तेव्हा त्याच्याशीच बोला. काकांमार्फत अजिबात नको, त्याने गोष्ट वाडीभर होते. दुपारी चार-साडेचारला जा, तेव्हा किचन शांत असतं. एकटीने जा. सूप आवडलं होतं ते आधी सांगा, कारण ते खरं आहे. मग दोनच गोष्टी काढा, पास्त्याचं मीठ-शिजणं आणि मेन्यूवरचा ‘ताजी’ हा शब्द. पिझ्झा, बिल, सगळं एका बैठकीत ओतलंत तर तो कान बंद करेल. ऑर्डर आणून देणाऱ्या पोराला मध्ये घेऊ नका, त्याच्या हातात काही नसतं. आणि यापुढे पदार्थ बिघडलेला वाटला तर दोन घासांतच परत पाठवा. अर्धी ताटली संपवून केलेल्या तक्रारीला किचनमध्ये कोणी किंमत देत नाही, हे मी आतून पाहिलं आहे.

लेकीला सांगा, स्टार महिनाभर थांबू शकतात. एवढं समोर बसून सांगितल्यावरही ‘मुंबईसारखं कसं मिळणार’ हेच उत्तर आलं, तर तिने खुशाल लिहावं. पण ‘घाणेरडं’ असं एका शब्दात नको, काय मागवलं आणि काय आलं ते लिहावं.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. अलिबागला एका ठिकाणी पास्त्यावर पर्मेजान चीज किसून दिलं, नंतर कोणीतरी म्हणालं ते शाकाहारी नसतं. खरं का?

उत्तर : खरं आहे, मूळ इटालियन चीजच्या बाबतीत. ते करताना दूध साकळायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात, मग किमान बारा महिने मुरवतात. भारतात बनलेल्या बऱ्याच चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवी खूण असते. म्हणून पाकीट दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला? पेस्टो सॉसमध्येही हेच चीज असू शकतं. दाखवायला टाळाटाळ झाली तर साध्या टोमॅटो सॉसचा पास्ता चीजशिवाय घ्या.

प्रश्न : तारकर्लीला आमचं छोटं होमस्टे आहे. पाहुण्यांची मुलं पास्ता मागतात. खोटं वाटणार नाही असं काय ठेवता येईल?

उत्तर : तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची, स्पॅगेटी. इटलीच्या किनाऱ्यावर अगदी हाच पदार्थ घरोघरी करतात, आणि तुमच्याकडे तिसऱ्या खाडीतून येतात. दोघांसाठी दोनशे ग्रॅम स्पॅगेटी आणि अर्धा-पाऊण किलो तिसऱ्या. त्या मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवा म्हणजे वाळू सोडतात. पसरट कढईत तेलावर चार पाकळ्या ठेचलेला लसूण आणि एक सुकी मिरची मंद परता, लसूण लाल होऊ देऊ नका. तेल ऑलिव्हचं असेल तर उत्तम, नाहीतर वास नसलेलं कुठलंही. खोबरेल नको, त्याने पदार्थ वेगळाच होतो. मग तिसऱ्या टाका, झाकण ठेवा, आच मोठी. तीन-चार मिनिटांत शिंपा उघडतात. न उघडलेल्या फेकून द्या, त्यात मन घालू नका. सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून परत कढईत, सगळी चव त्यातच आहे. ते खारट असतं म्हणून स्पॅगेटी उकळताना मीठ नेहमीपेक्षा कमी. स्पॅगेटी एक मिनिट आधी काढून त्या पाण्यात घोळवा. वरून कोथिंबीर, लिंबू पिळून लगेच वाढा. इटलीत पार्सली घालतात, तुम्ही कोथिंबीर घातली तर पाटीवर तसं लिहा. अंगणात सब्ज्याचं रोप असेल तर त्याची दोन पानं चुरून बघा, बेसिल त्याच जातीचं.

पावसाळ्यात खाडीचं पाणी गढूळ असताना, किंवा तिसऱ्या मिळाल्या नाहीत त्या दिवशी, नुसती लसूण-मिरचीची स्पॅगेटी द्या. तीही इटलीत मानाने खातात. लहान मुलांसाठी मिरची वगळा.