वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक स्टिअरिंगची रॅक

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की स्टिअरिंगचा दिवा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं. थोडं अंतर गेलं की आपोआप ठीक होतं. मेकॅनिक रॅक बदलायला सांगतोय. बदलावी का?

उत्तर : इतक्यात नको. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा; इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये त्याला एका मोटरची मदत असते. गाडी उभी असताना चाकं वळवली की ही मोटर काही क्षण 50 अँपिअरच्याही पुढे करंट ओढते. बॅटरी थकलेली असली तर व्होल्टेज कोसळतं आणि मोटर चालवणारं कंट्रोल युनिट ती बंद ठेवून दिवा लावतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसावेत. मग मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी स्टिअरिंग मोटरच्या अर्थिंगला लावून कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा जोड गंजलेला किंवा सैल आहे. तो घासून घट्ट करा. हे सगळं ठीक निघालं तरच स्कॅनर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. कोड कमी व्होल्टेजचा असेल तर रॅकला हात लावायचं कारण नाही. टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंगवर हाताचा किती जोर पडतो ते मोजणारा) असेल तर आधी कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का ते पाहा.

प्रश्न : खड्ड्यांतून जाताना खालून खटखट येते. रॅक गेली का?

उत्तर : खटखटीचा आळ पहिल्यांदा रॅकवर येतो, पण दोषी बहुधा शेजारचा असतो. गाडीचा पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवा. चाक घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्या हाताने रॅकचा रबरी बूट (टोकावरचं घड्यांचं आवरण) दाबून आतला बॉल जॉइंट चाचपा. तिथे टकटक लागली तर आतला टाय रॉड (रॅक चाकाला जोडणारा दांडा), बाहेरच्या टोकाला लागली तर टाय रॉड एन्ड. दोन्ही सुटे मिळतात. चाक 12 आणि 6 च्या जागी हलत असेल तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट तपासा. आवाज पायाजवळून येत असेल तर मधल्या शाफ्टचा (स्टिअरिंग आणि रॅक जोडणारी दांडी) क्रॉस जॉइंट पाहा. रॅकच्या फिटिंगचे बोल्ट सैल असले तरी असाच आवाज येतो, आणि नेमके तेच पाहायचं राहून जातं.

प्रश्न : नवी रॅक स्वतः बसवायची आहे. क्रम काय? कुठे चुकतं?

उत्तर : पहिल्यांदा मोटर कुठे आहे ते पाहा. ती डॅशबोर्डखाली कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्यावर) असेल तर खालची रॅक निव्वळ यांत्रिक असते आणि काम सोपं होतं. रॅकवर जाड वायर येत असेल तर मोटर तिथेच आहे.

चाकं सरळ करा, किल्ली काढा, स्टिअरिंग सीटबेल्टने किंवा दोरीने घट्ट बांधा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बांधणं टाळू नका. शाफ्ट सुटल्यावर स्टिअरिंग नुसतं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅग आणि हॉर्नला जोडणारी गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते. मग एअरबॅगचा दिवा लागतो, हॉर्नही जातो.

टाय रॉड एन्ड जागेवर असतानाच त्याचा लॉकनट सैल करा. उघडे आटे मोजा आणि एन्ड किती फेऱ्यांत निघतो ते लिहून ठेवा. मधल्या शाफ्टवर आणि पिनियनवर (रॅक सरकवणारं दातेरी चाक) रंगाची एकच रेघ मारा. तिथला बोल्ट पूर्ण काढावा लागतो, कारण तो पिनियनच्या खाचेतून जातो. नुसता सैल करून हातोडी मारत बसू नका. बऱ्याच गाड्यांत सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) खाली घ्यावा लागतो, तेव्हा इंजिनला वेगळा आधार द्या.

नवी रॅक मोटर किंवा वायर धरून उचलायची नाही. पिनियन हळूहळू एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून फेऱ्या मोजा आणि निम्म्या फेऱ्या मागे या, तो मध्य. मॅन्युअलमध्ये बोल्ट नवे घाला असं म्हटलं असेल तर नवेच घाला. बोल्ट किती जोराने आवळायचे तो टॉर्कचा आकडाही तिथलाच.

शेवटी स्कॅनरने कोडिंग करा, म्हणजे नव्या रॅकची गाडीच्या कॉम्प्युटरशी ओळख करून द्या. व्हील अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा ठरवा. हे राहिलं तर गाडी एका बाजूला ओढते किंवा वळणानंतर स्टिअरिंग मागे येत नाही, आणि नव्या रॅकलाच दोष दिला जातो.

प्रश्न : यात तेल नसतं. मग देखभाल कसली?

उत्तर : बुटांची. बूट फाटला की पाणी आत जातं, बॉल स्क्रू (मोटरचा जोर रॅकला देणारा आटेदार भाग) आणि बेअरिंग गंजतात. मग रॅकच बदलावी लागते. प्रत्येक सर्व्हिसला बुटाच्या घड्या ताणून चिरा पाहा. अलाइनमेंट करताना टाय रॉड फिरतो आणि बूट पिळवटतो; तो पिळलेलाच राहिला की घडीवर फाटतो. त्याच्या लहान तोंडाशी थोडं रबराला चालणारं ग्रीस लावलं की पीळ पडत नाही. प्रेशरचं पाणी थेट बुटावर मारू नका. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरूनही ठेवू नका. मोटर तापली की युनिट मदत कमी करतं आणि स्टिअरिंग जड होतं. थंड झाल्यावर ते पूर्ववत होतं, तो बिघाड नव्हे.

प्रश्न : भंगारातल्या गाडीची जुनी रॅक चालेल?

उत्तर : अपघातात पुढून धक्का बसलेल्या गाडीची नको, दांडा किंचित वाकला असला तरी डोळ्यांना दिसत नाही. बाकी, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. काही गाड्यांत युनिट आधीच्या चॅसिस नंबरशी बांधलेलं असतं, म्हणून ते कोड करून मिळेल का हे विकत घेण्याआधीच विचारा.