ऑगस्टमध्ये चार दिवस मॅडिसनला (विस्कॉन्सिन) आहोत. तिथले लोक फिरतात तसं गाव कसं बघावं? गाडी भाड्याने घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलीला विद्यापीठात सोडायला ऑगस्टच्या मध्यावर येताय आणि ‘टॉप टेन’ याद्या नकोत. आधी गाडीचं सांगतो: घेऊ नका. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून मॅडिसनला थेट बस येते, तीन-साडेतीन तास धरा. गावाचा जीव असलेला भाग मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. सर्वांत अरुंद जागी ती एक मैलही रुंद नाही. पट्टीच्या मध्यावर राज्याचं कॅपिटल (विधिमंडळाची इमारत), पश्चिमेला विद्यापीठ, आणि दोघांना जोडणारी स्टेट स्ट्रीट. तिच्यावर बस, सायकली आणि पायी चालणारे असतात, खासगी गाड्यांना बंदी. गाडी घेतलीत तर चार दिवस पार्किंग शोधण्यातच जातील.

त्यातून तुमच्या तारखा नेमक्या अवघड आहेत. कॅम्पसजवळच्या बहुतेक फ्लॅट्सचे करार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ला सुरू होतात. त्या दोन दिवसांत गल्लोगल्ली सामानाचे ट्रक उभे असतात आणि फुटपाथवर सोडून दिलेलं सामान पडलेलं असतं. स्थानिक लोक याला ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात. मुलीचं घर लावायचं असेल तर टेबल, खुर्च्या, दिवे, पुस्तकांची कपाटं, कुकरसुद्धा फुकटात मिळतील. गादी आणि कापडी सोफा मात्र कितीही नवा दिसला तरी उचलू नका. कारण एकच, ढेकूण. लाकडी वस्तूंचे सांधे आणि स्क्रूची भोकं मोबाइलच्या टॉर्चने बघून घ्या. मुलगी आधीपासून तिथे भाड्याने राहत असेल तर १४ची रात्र बिनघराची जाते, त्यामुळे त्या रात्रीचं हॉटेल आत्ताच घ्या. नंतर दर चढतात.

फिरायला दोन पाय, लाल रंगाच्या बीसायकल (भाड्याच्या इलेक्ट्रिक सायकली, एका स्टँडवरून उचलायच्या आणि दुसऱ्यावर लावायच्या) आणि बस एवढं पुरतं. कॅम्पसवरची ८० नंबरची बस सगळ्यांना फुकट आहे. ती मेमोरियल युनियनपासून (तळ्याकाठचं विद्यार्थी केंद्र) ईगल हाइट्सपर्यंत जाते. ईगल हाइट्स म्हणजे विद्यापीठाचीच घरांची वसाहत, कुटुंब घेऊन आलेले बरेच विद्यार्थी तिथे राहतात. एरवी कॅपिटलच्या चौकातून जाणाऱ्या गावातल्या बस शनिवारी सकाळी बाजारामुळे बाहेरून वळवतात. नेहमीच्या थांब्यावर ताटकळत उभे राहिलेले लोक बहुधा नवखे असतात.

हा शनिवारचा बाजार, डेन काउंटी फार्मर्स मार्केट, १९७२पासून भरतो. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तो कॅपिटलभोवती असतो. नियम असा की माल विस्कॉन्सिनचाच हवा आणि विकणारा पिकवणारा-बनवणारा हवा, मधला दलाल चालत नाही. गर्दी एकाच दिशेने फिरते, कॅपिटल डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. कुठे लिहिलेलं नसलं तरी उलट चालायला लागलात की धक्के खाल. लवकर जा, दहानंतर पाऊलही नीट टाकता येत नाही. आधी हात मोकळे ठेवून एक फेरी मारा, भाव बघा, मग दुसऱ्या फेरीत घ्या. ऑगस्टमध्ये मक्याची कणसं आणि टोमॅटो भरात असतात. कणीस त्याच दिवशी खा, ठेवलं की त्यातल्या साखरेचा स्टार्च होतो.

चीज कर्ड म्हणजे न दाबलेले, न मुरवलेले चीजचे ताजे तुकडे. ताजे असले की दाताखाली कुचकुच वाजतात. एखाद्या दिवसात, किंवा फ्रीजमध्ये ठेवले की, हा आवाज जातो, कारण आम्लामुळे प्रथिनांची घट्ट जाळी सैल पडत जाते. मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद फिरवले तर थोडा वेळ परत येतो. त्यामुळे विकत घ्या आणि चौकातच उभ्या उभ्या संपवा. शाकाहारी असाल तर ‘रेनेट व्हेजिटेबल की मायक्रोबियल?’ असं विचारा. रेनेट म्हणजे दूध गोठवणारं एन्झाइम, आणि काही चीजमध्ये ते वासराच्या जठरातलं असतं. उत्पादक समोरच उभा असतो, स्पष्ट सांगतो.

संध्याकाळ मेमोरियल युनियनच्या टेरेसवर काढा. चारपैकी निदान दोन, असं माझं मत. मेंडोटाच्या काठाला टेबलं आणि हिरव्या, पिवळ्या, नारिंगी लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. टेरेस उत्तरेकडे तोंड करून आहे, पण उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळतो म्हणून तो पाण्यावरच दिसतो. तेव्हा सूर्यास्त आठच्या सुमारास. सातला जाऊन खुर्ची धरा, साडेसातला गेलात तर पायऱ्यांवर बसावं लागेल. आत बॅबकॉक आइस्क्रीम मिळतं, ते विद्यापीठाच्याच डेअरीचं. ज्यांच्या नावाची ही डेअरी, त्या स्टीफन बॅबकॉक यांनी इथेच १८९०मध्ये दुधातली फॅट मोजण्याची सोपी चाचणी काढली. दुधाला फॅटप्रमाणे दर देणं त्यामुळे व्यवहारात शक्य झालं. आपल्याकडच्या डेअरीवर रोज फॅट लावून घेणाऱ्या कुणाला हे ऐकून गंमत वाटेल. आइस्क्रीममध्ये जिलेटिन असू शकतं, तेव्हा इथेही विचारूनच घ्या.

युनियनपासून पश्चिमेला तळ्याकाठाने एक मातीची वाट जाते. तिला हॉवर्ड टेमिन यांचं नाव आहे. आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या शोधासाठी १९७५चं नोबेल मिळालेले हे इथलेच प्राध्यापक. (हरगोविंद खुराना यांना १९६८चं नोबेल मिळालं तेव्हा तेही याच विद्यापीठात होते.) ही वाट पिकनिक पॉइंट नावाच्या, तळ्यात शिरलेल्या लांबट टोकापर्यंत नेते. युनियनपासून टोकापर्यंत जेमतेम ५ किलोमीटर. सकाळी जा. परतताना पाय बोलायला लागले तर ८० नंबरची बस त्याच भागातून जाते. टोकाकडे जाताना मातीचे ठेंगणे उंचवटे लागतात. ती शेकडो वर्षांपूर्वीची दफनस्थळं आहेत आणि इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक त्यांना आपल्या पूर्वजांची मानतात. फोटोसाठी त्यांच्यावर चढू नका. डासांसाठी काहीतरी लावूनच निघा.

आता पाण्यात उतरण्याचं, कारण इथेच पाहुणे चुकतात. ऑगस्ट हा पोहण्याचा महिना, पण निळ्या-हिरव्या शेवाळाचाही तोच. भोवतालच्या दुग्धव्यवसायातलं शेण आणि शेतातली खतं पावसाबरोबर वाहून येतात, त्यातल्या फॉस्फरसवर हे शेवाळ माजतं आणि त्यातलं काही विषारी असतं. वारा ते ज्या काठाला ढकलेल तिथे साचतं. सकाळी स्वच्छ दिसलेलं पाणी संध्याकाळी घाण आणि समोरचा काठ मात्र निर्मळ, असं सहज होतं. म्हणून कालचा अनुभव आज धरू नका. सार्वजनिक आरोग्य विभाग किनाऱ्यांची तपासणी करून कोणता बंद ते जाहीर करतो, निघण्यापूर्वी तेवढं बघा. तिथे पोचल्यावर साधी कसोटी म्हणजे गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि स्वतःची पावलं दिसत नसतील तर माघारी यायचं. जोराच्या पावसानंतर दोनेक दिवस तसंही टाळा, रस्त्यांवरचं सगळं पाणी तळ्यात येतं. आणि अनवाणी उतरू नका. २०१५पासून मेंडोटात झेब्रा शिंपले पसरलेत, त्यांच्या धारदार कडांनी तळपाय कापतात. पोहायचं नसेल तर युनियनपाशी भाड्याने कयाक मिळते. तीही सकाळी घ्या, दुपारी वारा वाढला की परतणं जड जातं.

एक सकाळ मोनोना तळ्याच्या फेरीला ठेवा. सायकलने साधारण २१ किलोमीटर. बीसायकलवर हे करू नका. तळ्यापलीकडच्या मोनोना गावात स्टँड पुरेसे नाहीत आणि वेळेचे पैसे वाढत जातात. दुकानातून साधी सायकल अर्ध्या दिवसासाठी घ्या. सुरुवात मोनोना टेरेस या तळ्याकाठच्या संमेलन केंद्रापासून करा. आराखडा फ्रँक लॉइड राइट यांचा, पहिला १९३८चा, इमारत उघडली १९९७मध्ये. गच्ची फुकट आहे, आणि १९६७मध्ये याच तळ्यात विमान कोसळून गेलेले गायक ओटिस रेडिंग यांचं स्मारक तिथे आहे. तिथून आधी दक्षिणेला जा, म्हणजे पाण्यावरून जाणारा उघडा रस्ता वारा कमी असताना पार होतो. तिथे रस्त्याचं काम चालू असेल तर वळणाच्या पाट्या पाळा. पुढे मोनोना गावात काठाला लोकांची खासगी घरं आहेत, त्यामुळे वाट तळं सोडून गल्ल्यांतून जाते. ‘चुकलो’ वाटून बरेच जण इथून मागे फिरतात. फिरू नका, लूपच्या खुणा बघत राहा. शेवटी ऑलब्रिकची बाग येते. बाहेरच्या बागेला शुल्क नाही आणि आतला सोनेरी थाई मंडप बघण्यासारखाच आहे. मग विली स्ट्रीटवर जेवा. शाकाहारी जेवायला मला गावात हीच बाजू सर्वांत बरी वाटते. मासे चालत असतील तर शुक्रवारी रात्री ‘फिश फ्राय’ खा, पण आपला मसाला लावलेला तळलेला तुकडा डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. हा पिठात बुडवून तळलेला मऊ मासा असतो, बरोबर बटाटा आणि कोबीचं कोशिंबिरीसारखं काहीतरी.

पाऊस लागला तर कॅपिटलची फुकट मार्गदर्शित फेरी घ्या. नाहीतर कॅम्पसवरच्या चेझन कलासंग्रहालयात जा, तेही फुकट आहे. त्यांच्या संग्रहात भारतीय लघुचित्रं चांगली आहेत. सगळी एका वेळी मांडलेली नसतात, तेव्हा सध्या कोणती बाहेर आहेत ते आत शिरतानाच विचारा.